होळीपर्यंतची चूल

कुसुम, तू गेल्यापासून आपल्या खोलीत माणसांची रीघ लागलीय, आणि जो येतो तो एकच सांगतो, "कुसुमबाई फार शांत होत्या हो." मी मान डोलावते. आतून मात्र नुसता जळफळाट होतो. शांत म्हणे! तुझ्याबरोबर एका स्टोव्हवर स्वयंपाक करून राहिलेल्या बाईला विचारा म्हणावं. तू शांत नव्हतीस, हट्टी होतीस. तोंड मिटून हट्ट करणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही. मी तावातावानं बोलत असायचे आणि तू मधेच म्हणायचीस, "विमल, मीठ कुठं ठेवलंस गं?" झालं, माझं सगळं भाषण पाण्यात.

आज खोली आवरायला घेतली आणि जमेना. तुझी कात्री, तुझा कापसाचा डबा, तुझा तो जाड काचांचा चष्मा. चष्मा हातात घेतला आणि रडू फुटलं. मग रागही आला. कारण कुसुम, अजून कितीतरी विचारायचं राहिलंय मला. मी भोचक बाई, हे तर सगळ्या शहाद्याला ठाऊक आहे. पण तुझ्यापुढं माझा भोचकपणा कधी चाललाच नाही.

तू आलीस तेव्हा आपण अजून मुंबई राज्यात होतो. मी इथलीच, तापीकाठच्या गुजरांची, लोणखेड्याला मामाकडं वाढलेली. तू कुठली, तर पार साताऱ्याकडची. हातात एक ट्रंक, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. वसतिगृहाचा स्वयंपाक करणारी ठगुबाई, तिनं तुला बघताच कमरेवर हात ठेवून विचारलं, "इतली दूर कसाले उनी वं माय?" इतक्या लांब कशाला आलीस, हे तिनं विचारलं तेही तुला धड कळलं नव्हतं. मी समजावून सांगितल्यावर तू म्हणालीस, "बस इथवरच येत होती." ठगुबाई हसून हसून बेजार. मी हसले नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तरुण विधवा बाई, माहेर सोडून एवढ्या लांब का येते? त्या दिवसापासून वाट बघत होते की कधीतरी बोलशील. बोलली नाहीस ती नाहीसच.

आपली शाळा म्हणजे सगळा सरमिसळ बाजार. वसतिगृहात गुजरांची पोरं, पाटलांची पोरं, शहाद्यातल्या मुसलमान घरांतली, भिलांची, आणि वर धडगावच्या डोंगरातून चालत खाली उतरलेली पावऱ्यांची. कुणाच्या घरी गुजरी, कुणाच्या अहिराणी, कुणाच्या भिली, तर कुणाच्या पावरी. पुस्तकातली मराठी सगळ्यांनाच सारखी परकी. मी गणित शिकवायचे, म्हणून माझं निभून जायचं. आकड्यांना कुठं बोली असते? तुला शिवण आणि सूतकताई दिली होती. पण महिन्याभरातच हेडमास्तरांनी ठरवून टाकलं की रडणारं, पळणारं, न बोलणारं, मारामारी करणारं पोर कुसुमबाईंच्या ओट्यावर पाठवायचं. असल्या कामाला काय म्हणतात हे ना त्यांना ठाऊक होतं ना तुला. पोरांनी मात्र नाव ठेवलं, 'रडायच्या बाई'.

त्या ओट्यावर काय चालायचं हे बघायला मी किती वेळा काहीबाही निमित्त काढून तिथून गेले असेन! आणि दिसायचं काय? तू आणि पोर शेजारी शेजारी बसून कापसातली सरकी काढताय. बोलणं नाहीच. बऱ्याच वेळानं तू काहीतरी विचारायचीस, पण 'का' कधीच नाही. का रडतोस, का पळालास, का मारलंस, हे शब्द तुझ्या तोंडून मी ऐकले नाहीत. तू विचारायचीस, "कधीपासून?" नाहीतर "कधीपर्यंत?" मी म्हटलं, अगं, ही काय डॉक्टरकी आहे? तर म्हणालीस, "का म्हटलं की पोरगं आरोपी होतं, विमल. मग ते काहीतरी बनवून सांगतं आणि आपण ते खरं धरून बसतो."

प्रकाशा गावचा तो गुजरांचा गुबगुबीत जगन आठवतो? ज्याचं माझ्या तासालाच नेमकं पोट दुखायचं? त्याला ओट्यावर बसवलंस आणि संध्याकाळी मला एवढंच म्हणालीस, "पाढे म्हणायला त्याला पहिल्यांदा उठवू नकोस, शेवटी उठव." का, ते सांगितलं नाहीस. मी खूप आदळआपट केली, माझ्या वर्गातला मुलगा आणि मलाच सांगत नाहीस म्हणून. तू म्हणालीस, "त्याचं आहे ते, माझं नाही." पोट दुखायचं थांबलं. मी मात्र कित्येक दिवस धुमसत होते.

आणि मग खुमान. कुसुम, सगळं जग विसरलं तरी खुमानवरून झालेलं आपलं भांडण मी विसरणार नाही, कारण ते कधी मिटलंच नाही.

खुमान वरच्या डोंगरातला, पावऱ्यांचा. अंगानं काटक, गणितात असा चलाख की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत याचं उत्तर तयार. त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. होळी जवळ आली आणि या पोराचं काहीतरी बिनसलं. एक दिवस बाकावर बसेना. खाली फरशीवर बसला. मी दटावलं तरी उठेना. आंघोळीला जाईना. अंथरूण सोडून उघड्या जमिनीवर झोपू लागला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पंगतीत जेवेना. मूठभर पीठ मागून घ्यायचा, कुंपणापाशी तीन दगड मांडायचा आणि स्वतःची भाकरी स्वतः थापायचा.

शाळेत जो तो आपापल्या परीनं अर्थ लावत बसला. ठगुबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मन्हा हातनं जेवण त्याले ग्वाड लागत नही वाटस." तिला वाटलं, तिचा स्वयंपाक आवडेनासा झाला. कवायतीचे मास्तर म्हणाले, हा शुद्ध उद्धटपणा आहे, दोन छड्या द्या, सरळ होईल. उर्दू वर्गाचे मास्तर म्हणाले, रोज्यासारखं काहीतरी असेल, सोडून द्या. कंपाउंडर जंताचं औषध घेऊन आला. आणि मी? मला वाटलं, कुणीतरी जातीवरून बोललंय आणि पोरगं रुसलंय.

आता तू म्हणशील, झालं हिचं सुरू. पण ऐक. त्या पंगतीसाठी मी काय काय ऐकून घेतलं होतं ते तुला पूर्ण ठाऊक नव्हतं. आमच्याच गुजरांनी शाळेच्या दारात येऊन सांगितलं होतं की आमची मुलं भिलांच्या, पावऱ्यांच्या शेजारी जेवणार नाहीत. माझ्या सख्ख्या मामानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. हेडमास्तर आणि मी हटलो नाही. एक चूल, एक पंगत, ज्याला जमत नसेल त्यानं मुलगा घरी न्यावा. ती पंगत बसली तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. आणि आता एक पोर उठून स्वतःची चूल मांडतं. हेडमास्तर म्हणाले, "आज याला चूल दिली की उद्या गुजर येतील, म्हणतील, आम्हालाही द्या. मग संपलंच सगळं." ते चुकीचं होतं का, सांग? मला अजूनही तसं वाटत नाही. त्यांनी ठरवलं, खुमान पंगतीत बसला नाही तर नाव कापायचं आणि घरी पाठवायचं.

तेव्हा तू त्याला ओट्यावर बोलावलंस. मी खांबाआड उभी होते, आता लपवून काय करायचं! तो खाली बसला, तूही खाली बसलीस. कापूस पुढं केलास. त्यानं हात लावला नाही, कदाचित तेही चालत नसेल. तू एकटीच सरकी काढत राहिलीस. मग विचारलंस, "कधीपर्यंत?"

तो म्हणाला, "होळीपर्यंत. पाळणी आहे."

"बरं," म्हणालीस. आणि उठलीस. अगं, संपलं? मी खांबाआडून बाहेर येणारच होते. पाळणी म्हणजे व्रत, एवढं मलाही ठाऊक होतं. डोंगरातली माणसं होळीआधी मानता धरतात, म्हणजे नवस बोलतात. कुणी खाटेवर बसत नाही, कुणी दुसऱ्याच्या हातचं खात नाही, जमिनीवर झोपतात. पण ती मोठी बाप्ये माणसं. हे शाळकरी पोर कशासाठी पाळणी धरतं? कुणासाठी? कुणी आजारी आहे? कुणी सांगितलं? हे विचारायला नको?

तू सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेलीस. मीही मागोमाग.

"होळीपर्यंत त्याला स्वतः शिजवू द्या," तू म्हणालीस. "होळी झाली की पंगतीत बसेल."

"कारण काय?"

"पाळणी आहे."

"कशाची?"

"ते मला ठाऊक नाही."

हेडमास्तर म्हणाले, "कुसुमबाई, कारण ठाऊक नसताना मी वसतिगृहाचा नियम मोडू? आणि होळीला ही पोरं घरी गेली की परत येत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे ना? म्हणजे तो तिकडं राहणार, आणि मी इथं गुजरांना तोंड देणार."

"नाही आला परत, तर माझीही नोकरी घ्या," तू म्हणालीस. जशी मीठ मागायचीस ना, अगदी त्याच आवाजात.

हेडमास्तरांनी त्याच अटीवर होळीपर्यंतची मुदत दिली. अगं, कुणासाठी? एका पोरासाठी, ज्याला तू धड दोन प्रश्न विचारले नाहीस! त्या संध्याकाळी मी तुला काय काय बोलले. म्हटलं, तुला माहेर नाही, सासर नाही, ही नोकरी गेली तर कुठं जाशील? म्हटलं, माझी पंगत मोडायला निघालीस तू. तू भाकरी खात होतीस. आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीनं आणि ठेच्यानं पहिल्या वर्षी तुझ्या डोळ्यांतून धारा लागायच्या, तोवर तू त्याला सरावली होतीस. खाता खाता म्हणालीस, "पंगत मोडत नाही गं. एक जण थोडे दिवस उठलाय. त्याची जागा ठेव."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तू पोरांना सांगितलंस, "खुमानची पाळणी आहे, होळीपर्यंत." एवढंच. आणि काय आश्चर्य, एकाही पोरानं काही विचारलं नाही! जगन म्हणाला, माझी आई चातुर्मासात असंच करते. मुसलमानांच्या पोरानं नुसती मान हलवली. भिलांची पोरं तर आधीपासूनच त्याला लाकडं आणून देत होती. म्हणजे मोठी माणसं डोकं फोडत होती आणि पोरांना सगळं आधीच पटलेलं होतं. मला त्याचाही राग आला, खरं सांगते. तू त्याची चूल कुंपणापासून उचलून आपल्या खोलीच्या मागं आणलीस, वारा लागू नये म्हणून. आणि पंगतीत त्याचं ताट रोज उपडं मांडायला लावलंस.

होळीच्या आधी मी लोणखेड्याला मामाकडं गेले. मामीनं मध्यस्थी करून बोलावलं होतं. परत आले तर चूल थंड, खुमान नाही. बाप येऊन घेऊन गेला म्हणालीस. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, गेला. आता बघ, शेळ्यांमागं फिरेल, पुढल्या वर्षी लग्न लावून देतील, आणि तू ट्रंक भरायला घे. तू सरकी काढत राहिलीस. पण मी तुला दोनदा दारात उभं राहून धडगावच्या रस्त्याकडं बघताना पाहिलं. तुलाही काळजी लागली होती तर! तेवढ्यानं मला जरा बरं वाटलं.

होळी झाली, रंगपंचमी झाली. हेडमास्तर तुझ्याशी बोलताना नजर चुकवू लागले. आणि मग एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी खुमान फाटकातून आत आला. डोक्याला अजून राख, कमरेला होळीत नाचून उठलेले घुंगरांचे वळ. विहिरीवर जाऊन आंघोळ केली, वर्गात येऊन बाकावर बसला आणि दुपारी पंगतीत आपलं ताट सुलटं केलं. ठगुबाईनं त्याला एवढं वाढलं की त्याच्याच्यानं संपेना. हेडमास्तर पंगतीच्या टोकाशी उभे राहून बघत होते. संध्याकाळी तुझ्यासाठी त्यांच्या घरून पुरणपोळी आली. मी त्यातल्या दोन खाल्ल्या.

आणि तेव्हापासून, कुसुम, मी तुला विचारत होते. कशाची होती गं ती पाळणी? तू दरवेळी एकच सांगायचीस, "मला नाही माहीत." मी कधी विश्वास ठेवला नाही. कुणी ठेवला असता? आपली नोकरी पणाला लावून उभी राहिलेली बाई म्हणते, का ते माहीत नाही! मी म्हणायचे, पोटात ठेवतेस मेली, मैत्रिणीला सांगत नाहीस. तू हसायचीस. पुढं खुमान शिष्यवृत्ती मिळवून गेला, मास्तर झाला, वर डोंगरातल्या शाळेवर लागला, आणि तरी मी विचारतच होते. दवाखान्यात होतीस तेव्हासुद्धा विचारलं. म्हटलं, आता तरी सांग. तू ओठ हलवलेस. मी कान जवळ नेला. म्हणालीस, "खरंच नाही गं माहीत." मी रागानं पाणी आणायला उठून गेले.

काल तुझा दहावा होता. खुमान आला. सायकल घेऊन, नेहमीच्या धोतराऐवजी पायजमा, डोळे सुजलेले. ओट्यावर बसला, तुझ्या जागेच्या शेजारी. मी चहा दिला. मग मी, मी ती मीच, विचारलं. म्हटलं, "खुमान, आता बाई नाहीत. ती पाळणी कशाची होती ते मला सांग. बाईंनी मरेपर्यंत मला सांगितलं नाही."

तो म्हणाला, "बाईंना कुठं माहीत होतं?"

"म्हणजे?"

"मी सांगितलं नव्हतं. मानता पुरी होईपर्यंत बोलायची नसते. आणि नंतर बाईंनी विचारलं नाही. मला वाटायचं, एवढं केलं म्हणजे त्यांना माहीतच असणार."

कुसुम, माझ्या हातात कपबशी होती. मी खाली ठेवली.

मग तो सांगत गेला. त्या वर्षी बापानं ठरवलं होतं, होळीला पोराला घरी आणायचं आणि परत पाठवायचं नाही. शाळेत गेलेली पोरं होळी विसरतात, देवांना विसरतात, परत आली की आईबापाच्या हातचं त्यांना नकोसं होतं, असं गावात सगळे म्हणत होते. खुमानला शाळा सोडायची नव्हती. त्यानं कुणालाही न सांगता मानता धरली, की मला शाळेत राहू दे, मी पाळणी करीन. म्हणजे आपण त्याचं नाव कापायला निघालो होतो, आणि तो पाळणी करत होता ती नाव राहावं म्हणूनच.

"बाप आला तेव्हा तुम्ही गावाला होता बाई," तो म्हणाला. "बापाला मराठी येत नव्हती, कुसुमबाईंना पावरी येत नव्हती. त्यांनी त्याला पाणी दिलं. बाप माझ्या चुलीपाशी जाऊन बसला. राख चाळून बघितली, आतली भाकरी बघितली. मला विचारलं, इथं पाळणी चालली तुझी? मी म्हटलं, चालली. मग तो मला घेऊन डोंगर चढला. घरी पोचल्यावर आईला म्हणाला, होळी झाली की पोराला परत सोडून येतो, त्या शाळेत आपली पाळणी चालते."

खुमान गेल्यावर मी कितीतरी वेळ ओट्यावर बसून होते. विचार करत होते, की कारण कळलं असतं तर तू काय वेगळं केलं असतंस? काहीच नाही. चूल तशीच मांडली असतीस, नोकरी तशीच पणाला लावली असतीस. मग मला का एवढं लागलंय? कारण तो बाप तुझ्यासमोर पाणी पिऊन, तुझ्या दारामागची राख चाळून गेला, आणि त्या राखेपाशी एका मुलाचं सगळं आयुष्य ठरलं. तू तिथंच उभी होतीस, हातात रिकामा तांब्या घेऊन. तुला कुणीच सांगितलं नाही गं. गेलीस तेव्हाही तुला ठाऊक नव्हतं.